ताशाचा हात आणि ड्रमच्या स्टिका

जेवणाच्या सुट्टीत मी सरफेस प्लेटवर एक लाकडी स्टिक लोळवत होतो, तेवढ्यात सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले. मापं तपासायची ग्रॅनाइटची ती सपाट प्लेट म्हणजे आमच्या शॉपमधलं देवघर. तिच्यावर चहाचा कप ठेवला तरी बोलणी बसतात.

"काय करूलालास रे?"

"रनआउट बघूलालोय, सर." रनआउट म्हणजे लोळताना ती किती वाकडी फिरते ते.

त्यांनी स्टिक उचलली, एक डोळा मिटून टोकाकडून बघितली आणि परत प्लेटवर सोडली. ती अर्धा फेरा नीट गेली, मग एका जागी अडखळून डुगडुगली. "रिजेक्ट," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापाची हत्यारं, लग्नसराईत रात्री ड्रम. ड्रमवर बसून आता तीन वर्षं झाली. त्याआधी सगळा ताशा. आठवीत असताना शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या पथकात तो कमरेला लागला आणि तिशी उलटेपर्यंत सुटला नाही. विसर्जनाला हुतात्मा चौकातून निघालेलो आम्ही कपिलेश्वरच्या तलावाला पोचेपर्यंत उजाडायचं, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या असायच्या, पण दमलोय असं कधी वाटायचं नाही. ताशाची काडी बारीक असते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची, मनगट सैल सोडायचं, बाकीचं काम ताशाचं पान करतं. ते इतकं ताणलेलं असतं की काडी पडते न पडते तोच वर आलेली असते. हे परत येणं मला इतकं अंगवळणी पडलं होतं की ते माझ्या हाताचंच कसब आहे, असं मी समजून चाललो होतो. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

वडगावातल्या एका मित्राचा ऑर्केस्ट्रा आहे. त्याचा ड्रमर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि मित्रानं मला धरलं. "ताशा येतो न्हवं? मग ड्रमला काय लागतंय?" आमच्याकडचा ऑर्केस्ट्रा म्हणजे दोन भाषांचा संसार. अक्षता पडेपर्यंत मराठी भावगीतं, जेवणाला जुनी कन्नड गाणी, आणि शेवटचा तासभर नुसता नाच. भावगीताला स्टिक हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडमीट होणाऱ्या थाळ्यांच्या जोडीवर, नुसती टेकवायची, आणि त्याच हातानं तासाभरात स्नेअर या मुख्य ड्रमच्या पानावर आणि कडेवर एकदम आदळणारे रिमशॉट हाणायचे. एका स्टिकेनं दोन्ही करायचं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जाणारा ड्रमर एक जोडी ठेवून गेला होता, २-बी या जाड मापाची. व्हर्नियर लावला तर बरोबर सोळा मिलिमीटर. मला भारीच वाटली. गल्लीत वाढलेल्या माणसाला जाड म्हणजे दमदार, असं शिकवावं लागत नाही, ढोलाचं टिपरू हातात घेतलेलं असतंच. पहिल्या कार्यक्रमात गायिका दोनदा मागे वळून बघून गेली. तिसऱ्या वेळी तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी हळू वाजवायचा प्रयत्न केला, पण जड स्टिक हळू वाजवायची तर ती प्रत्येक वेळी वरच धरून ठेवावी लागते, आणि त्यात हात भरून येतो. दुसऱ्या दिवशी कामावर कोपरापासून मनगटापर्यंत असं दुखत होतं की मायक्रोमीटरची खिटखिट फिरवायलाही डावा हात घेतला.

मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. ताशाच्या काडीच्या जवळचं काय, तर ७-ए. जाडी १३.७ मिलिमीटर, लांबी साडेपंधरा इंच. ऑनलाइन मागवली (शोधताना आधी शेवग्याचं बी दाखवत होतं, ते सोडा) आणि पहिल्या संध्याकाळी वाटलं, घरी आलो. हाय-हॅटवर बोटं पळायला लागली, गायिका मागे बघेनाशी झाली. पण नाच सुरू झाला की गडबड. रिमशॉटला एक गेली. पंधरा दिवसांनी दुसरी गेली, तिचं टोक उडून कीबोर्डवाल्याच्या स्टँडवर आपटलं. महिन्यात दोन जोड्या. त्याहून वाईट म्हणजे, बारीक स्टिकेतून आवाज काढायला मी मूठ आवळायला लागलो होतो. अंगठ्याच्या आतल्या बाजूला फोड आला. वीस वर्षं ताशा वाजवून जो आला नव्हता, तो सहा कार्यक्रमांत आला.

आता मधलीच घे, म्हणजे ५-ए, असं कुणीही सांगेल. मलाही सांगितलं. ५-ए ही मधली, सगळ्यात जास्त खपणारी, नवख्याला तीच देतात. पण माझ्या धंद्याचा दोष असा की 'मधली' म्हटलं की मी 'किती' विचारतो. आणि तिथं गंमत आहे. या आकड्यांना मापाचा आधार नाही. २ पेक्षा ५ बारीक, ५ पेक्षा ७ बारीक, एवढंच. अक्षरांची कथा अशी सांगतात की 'एस' म्हणजे स्ट्रीट, रस्त्यावरून चालत वाजवणाऱ्यांची, 'बी' म्हणजे बँड, आणि ऑर्केस्ट्रासाठी खरं तर 'ओ' यायला हवा होता, पण ड्रम बनवणाऱ्या विल्यम लुडविग यांना छापलेला 'ओ' बरा दिसेना म्हणून 'ए' आला. म्हणजे मिरवणुकीत घडलेल्या माझ्या हाताची मूळ जात 'एस', आणि मी जाऊन बसलो 'ए'मध्ये! कंपन्यांचं बघा. प्रोमार्कची जुनी ५-ए ०.५५१ इंच, विक फर्थची ०.५६५, व्हॅटरची लॉस एंजेलिस ५-ए ०.५७०. नाव एकच, आणि फरक जवळजवळ अर्धा मिलिमीटर. आमच्या शॉपमध्ये अर्ध्या मिलिमीटरला अख्खा लॉट परत येतो.

मी ५-ए आणली. सरफेस प्लेटवरची ती रिजेक्ट स्टिक त्यातलीच. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली त्याचं नाव घेत नाही. पॅकेटवर नामांकित कंपनीचं नाव होतं, आत जोडीतल्या एकीचं वजन अठ्ठेचाळीस ग्रॅम, दुसरीचं सत्तावन्न, आणि एक वाकडी. फरशीवर टाकल्या तर एक 'टिंग', दुसरी 'टक'. फरशीवर टाकून बघायची युक्ती माझी नाही. विक फर्थ हे अमेरिकेतल्या बोस्टन सिंफनी वाद्यवृंदात टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, वाजवायचे. हातातल्या स्टिकांनी समाधान होईना म्हणून त्यांनी स्वतः घडवायला घेतल्या आणि १९६३ मध्ये कंपनी काढली. स्टिका खाली पडल्यावर वेगवेगळ्या सुरात वाजल्या आणि त्यातून सूर जुळवून जोड्या लावायची कल्पना त्यांना सुचली, असं सांगतात. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, तिच्यावर हा प्रयोग झकास होतो. आई म्हणते, लाटणी आपटून फोडायची असतील तर मागच्या दारी जा.

पैसे परत मिळाले नाहीत. रागाच्या भरात ठरवलं, आपणच करून घ्यायच्या. खानापुरात एक ओळखीचे कातारी आहेत, पाळण्याचे खांब, खाटेचे पाय कातणारे. त्यांना ड्रॉइंग काढून दिलं, टॉलरन्ससकट, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल तेही लिहून. ते ड्रॉइंगकडे बघून हसले आणि विचारलं, "लाकूड कसलं?" मी म्हटलं, सागवान. त्यांनी मान हलवली, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्यांची रीत नाही. सागाची जोडी दिसायला इतकी देखणी की वाजवायला जीव होईना, आणि दहा मिनिटांत तिरकी फाटली. "सागाची कपाटं करायची, हाणामारी न्हाई," काकांनी नंतर सांगितलं. कुदळीला, घणाला सागाचा दांडा कोण घालतं? आपल्याकडे तिथं बाभूळ. अमेरिकेत त्याच कामाला, कुऱ्हाडीच्या आणि हातोड्याच्या दांड्याला, हिकरी नावाचं लाकूड वापरतात, आणि ड्रमस्टिकही हिकरीचीच. मेपल हलका, जपानी ओक जड, पण धक्का सोसून पुन्हा उभा राहायचा तर हिकरी. हे कातारीकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी न बोलता बाभळीचा तुकडा यंत्रावर चढवला. ती जोडी अजून आहे. एक-एक स्टिक चौऱ्याहत्तर ग्रॅमची. अजिबात तुटत नाही, आणि अजिबात वाजवता येत नाही.

ती जोडी आता हवालदारमामांकडे असते. मामा आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवून निवृत्त झाले. कॅम्पातून सकाळी बँडचा सराव ऐकू आला की अजून त्यांची बोटं मांडीवर चालतात. त्यांचा डावा हात स्टिक खालून धरतो, भाकरी उलथताना तळहात वर होतो तसा. मी एकदा विचारलं होतं, हे असं का? तर म्हणाले, ड्रम पट्ट्यानं एका बाजूला लटकलेला, तिरका, मग डावा हात वरून कसा पोचणार? ताशेवाल्यानं हा प्रश्न विचारावा याचं त्यांना नवल वाटलं.

मामांनी माझं वाजवणं पाच मिनिटं ऐकलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा प्लायवूडवर चिकटवून केलेलं माझं प्रॅक्टिस पॅड होतं, त्यावर. मग म्हणाले, "तू स्टिक धरूलालास. तिला उडू दे की. ताशाचं पान तुला परत देत हुतं. हितं टॉम ड्रमचं पान ढिल्लं, ते काय देणार? मग तू ओढूलालास." आणि वर, "आणि तुझा हात पुढं पुढं सरकतोय बघ."

हात सरकतोय हे मला पटेना. मोजल्याशिवाय मला काही पटत नाही. दुसऱ्या दिवशी शॉपमधून प्रशियन ब्लूची डबी आणली. दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठं टेकतात ते बघायला आम्ही तो निळा रंग लावतो. अंगठ्याला आणि तर्जनीला पुसटसा लावला, ५-ए घेतली (त्यातल्या त्यात सरळ असलेली) आणि दहा मिनिटं साधे एक-एक ठोके वाजवले. सुरुवातीचा ठसा मागच्या टोकापासून साडेचार इंचावर. शेवटचा सव्वासहावर. मधे सगळीकडे निळी घसरगुंडी. २-बीवर तर हात जवळजवळ सातपर्यंत गेला होता. ७-एवर जागचा हलला नव्हता, तिथं अंगठा एकाच जागी रुतून बसल्यासारखा गडद ठसा होता, म्हणजे आवळलेला. तिन्ही स्टिका खिडकीत वाळत ठेवल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. तो निळा रंग नखातून निघायला चार दिवस लागले, हळदीच्या एका कार्यक्रमाला तसाच गेलो.

स्टिकेचं पुढचं तोंड जड असलं की हात आपसूक पुढं सरकतो, हातोडा मधे धरतात तसा. चिमटीची सवय असलेल्या हाताला तर पुढचं वजन झेपतच नाही, कारण मागची तीन बोटं कामाला लागलेली नसतात. माझी वीस वर्षं नुसती लटकत होती. म्हणजे जाडी हा माझा प्रश्नच नव्हता. जाडी मला आवडली होती कारण ती व्हर्नियरनं मोजता येते. प्रश्न होता तोल कुठं आहे याचा. तो मोजायला त्रिकोणी स्क्रेपरची, म्हणजे धातू खरवडायच्या हत्याराची, धार पुरते, स्टिक तिच्यावर आडवी ठेवायची आणि जिथं थांबेल तिथं पेन्सिलीची खूण. स्टिकेचा खांदा, म्हणजे टोकाकडचा निमुळता भाग, लवकर सुरू होऊन लांबवर जात असेल तर पुढचं लाकूड कमी आणि तोल मागे. उशिरा सुरू होत असेल तर तोल पुढे. बुंध्याची जाडी मोजून यातलं काहीच कळत नाही.

यानंतर मी चोर्ला घाटातून गोव्याला गेलो. गोव्यातच का, तर तिथं बँड वाजवणारी माणसं जास्त, आणि दुकानात पॅडवर वाजवून बघू देतात. खिशात छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर आणि कापडात गुंडाळलेलं स्क्रेपर. काउंटरवर हे सगळं मांडल्यावर दुकानदार म्हणाला, "पात्रांव, भांगर घेता कितें तूं?" म्हणजे, साहेब, सोनं घेताय काय? पण त्यानं मनाई केली नाही. प्रोमार्कच्या दोन जोड्या त्यानं समोर ठेवल्या, दोन्ही ५-ए, दोन्ही ०.५६५ इंच, दोन्ही सोळा इंच, दोन्ही हिकरी. एकीवर 'फॉरवर्ड', म्हणजे तोल पुढे, दुसरीवर 'रिबाउंड', म्हणजे तोल मागे. व्हर्नियरला विचारलं तर जुळी भावंडं. स्क्रेपरच्या धारेवर ठेवली तर तोलाच्या खुणा वेगळ्या. आणि हातात घेतल्यावर तर स्क्रेपरचीही गरज नव्हती. रिबाउंड पॅडवरून अशी वर आली की क्षणभर मला ताशाच आठवला. वजन त्रेपन्न ग्रॅम, जोडीत अर्ध्या ग्रॅमचा फरक. काउंटरच्या काचेवर लोळवली, सरळ. पॅडवर पंधरा मिनिटं वाजवली. मागे रांग लागली होती, लागू दे म्हटलं.

टोकाचा निकाल आधीच लागला होता. मधे काही दिवस नायलॉनचं टोक वापरलं होतं. हे नायलॉनचं टोक अमेरिकेतल्या जो कालाटो यांनी १९५८ मध्ये आणलं. लाकडासारखं झिजत-चिरत नाही आणि राइड सिंबल या मोठ्या थाळीवर लख्ख वाजतं. आमच्या ऑर्केस्ट्राचे सिंबल मुळातच ताटलीसारखे वाजतात, त्यावर हे नायलॉन म्हणजे पंगतीत वाढपी शिरल्यासारखं. आणि एका साखरपुड्यात टोकाचं टोपणच उडालं, ते पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या पदरात. गाणं संपल्यावर त्यांनी ते मला आणून दिलं आणि काळजीनं विचारलं, "दात पडला काय रे बाळा?" तेव्हापासून लाकडी, पेरूच्या बीएवढं नव्हे, पण लहानच. लहान टोक सिंबलवर सुटं सुटं बोलतं, मोठ्या टोकाचा आवाज पसरतो.

रिबाउंड जोडीनं दुसऱ्याच आठवड्यात नाचाचा तास काढला. पुन्हा निळा रंग लावून बघितलं, उजवा अंगठा दहा मिनिटांत पाव इंचसुद्धा हलला नव्हता. हात भरून आला नाही. गायिका मागे वळली ती तिहाई कुठं घेऊ हे विचारायला. घामानं लाखेचा पृष्ठभाग निसरडा होतो, म्हणून आधी बॅडमिंटनची पट्टी गुंडाळली होती, पण तिनं जाडी वाढते आणि तोलही मागे जातो. आता अंगठा पडतो तेवढीच चार बोटं जागा २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासतो, लाख जाऊन नुसतं लाकूड राहतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंती पाणी सोडतात, तेव्हा स्टिका पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, दोन्हीकडे झाकण, आत मायक्रोमीटरच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. गेल्या पावसाळ्यात एकही वाकली नाही. हाय-हॅटच्या कडेनं खांदा कुरतडला जातो त्याला इलाज नाही. तिथं बोट फिरवून खड्डा लागला की ती जोडी सरावाला आणि नवी कार्यक्रमाला.

एवढं सगळं जुळल्यावर मला डावा हात दिसला. डाव्या अंगठ्याचा निळा ठसा अजून पाऊण इंच पुढे सरकतो. रोज सराव करतो, मामांनी बाभळीच्या जोडीवर कवायत लावून दिली आहे, तरी सरकतोच. अर्ध्या ग्रॅमनं जुळलेली जोडी शोधायला मी दोन राज्यं पालथी घातली, आणि माझे हात मात्र जोडीचे नव्हेत.

हे मी शिवजयंतीच्या आधी गल्लीत बोललो. आमच्याकडे ती वैशाखात, तिथीप्रमाणे, त्यामुळे तालीम उन्हाळ्याच्या रात्री. हलगीवाले काका शेकोटीवर हलगी तापवत बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, तोल, ग्रॅम, निळा रंग. मग आपल्या दोन काड्या माझ्यापुढे धरल्या. एक आखूड आणि जाड, दुसरी लांब, बारीक, वाकवली तर वाकणारी.

"ह्या कधी सारख्या असतात व्हय?" म्हणाले. "आणि संबळवाल्याची एक तर वाकडीच असती."

सध्या उजव्या हातात रिबाउंड आणि डाव्यात जुनी, जोडी फोडून वेगळी काढलेली ७-ए, असं चाललंय. फरशीवर टाकल्या तर दोघी दोन सुरांत वाजतात. सुट्टी एक-एक स्टिक विकणारं दुकान मला अजून सापडलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या जोडीतली एक तशीच पाइपमध्ये पडून राहते. आतापर्यंत चार झाल्यात.